विमान बर्फामुळे रद्द झालं, मग परतीचा खर्च कोणाकडे मागायचा?

प्रश्न बडोद्यातल्या कारेलीबागेतल्या एका ताईंचा आहे. सासू-सासरे, नवरा-बायको आणि दोन मुलं, असे सहा जण टूर कंपनीच्या सहा रात्रींच्या पॅकेजवर काश्मीरला गेले. ११ जानेवारीला श्रीनगरहून दिल्ली, संध्याकाळच्या विमानाने बडोदा आणि उत्तरायणाला घरच्या गच्चीवर पतंग, असा बेत होता. त्या दिवशी श्रीनगरला बर्फ. विमान आधी लांबलं आणि चेक-इन झाल्यावर रद्द झालं. कंपनीचा तिथला माणूस सकाळीच गेटवर सोडून गेलेला. बडोद्याच्या ऑफिसने फोनवर ऐकवलं, ‘पॅकेज एअरपोर्ट ड्रॉपला संपलं, फ्लाइट कॅन्सल होणं आमच्या हातात नाही.’ दोन रात्री पदरच्या पैशांनी काढल्या, १३ तारखेला एअरलाइनने दिल्लीला आणलं. पुढचं बडोद्याचं विमान दोन दिवसांपूर्वीच निघून गेलेलं. एक रात्र दिल्लीत, मग धुक्यामुळे पाच तास उशिरा सुटलेली गाडी, आणि १५ च्या सकाळी घर. सासूबाईंची बॅग आठवडाभराने आली, तीही एक चाक तुटून. वरखर्च सेहेचाळीस हजार. हे पैसे कोणाकडून मिळतील आणि कंपनीला वकिलाची नोटीस पाठवावी का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी याच धंद्यातला. टूर मॅनेजर म्हणून बरीच वर्षं माणसं नेली-आणली, आता दांडिया बाजारात बसून बुकिंग बघतो. कंपन्या कुठे खरोखर अडतात आणि कुठे नुसतं अडल्यासारखं दाखवतात, ते मला ठाऊक आहे. त्यामुळे माझं उत्तर तुम्हाला सगळंच रुचेल असं नाही.

बर्फ पडला यासाठी कोणीही तुम्हाला एक रुपया देणार नाही. एअरलाइनही नाही आणि कंपनीही नाही. पैसे मागायचे ते बर्फ पडल्यानंतर कोणी काय केलं, काय केलं नाही, त्याचे. सेहेचाळीस हजारांचा एकच गठ्ठा करून ‘आमचे पैसे द्या’ म्हणालात, तर समोरचा हवामानाकडे बोट दाखवून मोकळा होतो. गठ्ठा सोडवा, प्रत्येक खर्चापुढे त्याचा धनी लिहा.

सुरुवात पॅकेजच्या कागदापासून करा. जाहिरातीचं चकचकीत पान सोडा. पैसे भरल्यावर आलेलं बुकिंग व्हाउचर आणि बिल काढा. पॅकेजची किंमत ‘श्रीनगर ते श्रीनगर’ आहे की ‘बडोदा ते बडोदा’? विमानाची तिकिटं त्याच बिलात आहेत का? तुम्ही पाठवलेल्या कागदांत किंमत विमानासह आहे आणि बिल एकच आहे. म्हणजे कंपनीने तुम्हाला बडोद्यापर्यंतचा प्रवास विकला. मग पॅकेज श्रीनगरच्या गेटवर संपलं असं तिला म्हणता येत नाही. तिकिटं तुम्ही स्वतः काढली असती आणि कंपनीकडून फक्त हॉटेल, गाडी, शिकारा घेतला असता, तर तिचं म्हणणं बरंचसं खरं ठरलं असतं. बरीच भांडणं इथेच मिटतात किंवा पेटतात, आणि बहुतेक लोक हा कागद शेवटी उघडतात.

आता पडद्यामागचं सांगतो. बडोद्यातल्या कंपनीचं काश्मीरमध्ये स्वतःचं काही नसतं. तिथे एक लोकल एजंट असतो, त्याला माणशी ठरावीक रक्कम मिळते, त्यात तो हॉटेल, हाउसबोट, टेम्पो ट्रॅव्हलर बसवतो. ड्रायव्हर दिवसावर ठरलेला असतो. ड्रॉप झाला की त्याला दुसऱ्या पार्टीला घ्यायला जायचं असतं, आणि एक दिवस जास्त थांबवायचा तर बडोद्याहून होकार लागतो, कारण पैसे बडोद्याने द्यायचे असतात. तुमचा माणूस गायब झाला तो दुष्टपणाने नव्हे. त्याला थांब म्हणून सांगणारं कोणी नव्हतं.

आणि तुमचं सगळ्यात भक्कम म्हणणं नेमकं इथे आहे. टूर कंपनीला हॉटेलची खोली काउंटरवरच्या दरापेक्षा बरीच स्वस्त मिळते. बर्फात विमानं रद्द झाली की शंभर-दोनशे माणसं एकदम खोल्या शोधायला बाहेर पडतात आणि काउंटरवरचे दर तासाभरात चढतात. बरी कंपनी अशा वेळी एकच करते: आदल्या रात्रीच्याच हॉटेलला फोन करून ‘सहा जण परत येतायत, आमच्याच दरात ठेवा’ म्हणून सांगते. पैसे तुम्हीच दिले असते, पण कमी दिले असते, आणि सासऱ्यांना घेऊन थंडीत हॉटेल शोधत फिरावं लागलं नसतं. हा फोन त्यांनी केला नाही. एका फोनापुरती ही जबाबदारी होती, तिला हवामान आडवं आलं नव्हतं. ग्राहक कायद्याच्या भाषेत याला सेवेतील त्रुटी म्हणतात.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे आणि ती तुम्ही प्रश्नात ओझरती सांगितलीत. विमान लांबल्याचं तुम्हाला एअरपोर्टवर गेल्यावर कळलं. का? तिकिटाची प्रत नीट बघा, त्यावर संपर्कासाठी नंबर कोणाचा आहे? ग्रुपच्या तिकिटांवर बहुधा एजंटचाच मोबाइल आणि ईमेल असतो. एअरलाइनचा मेसेज वेळेवर जातो, पण जातो तो बडोद्याच्या ऑफिसात. तिथल्या मुलाने पाहिला तर पुढे पाठवतो, नाही पाहिला तर तुम्ही हॉटेल सोडून, सामान गाडीत टाकून निघालेले असता. त्या सकाळी मेसेज आला होता का, आला असेल तर किती वाजता, आणि तुम्हाला तो कधी कळवला, हे कंपनीला लेखी विचारा. माझ्या मते हा एक प्रश्न दहा नोटिसांपेक्षा जास्त काम करेल.

यात काश्मीरची एक खास अडचण आहे. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, फक्त पोस्टपेड चालतं. तुमच्या सहा जणांत एकच पोस्टपेड नंबर होता, तोही तुमच्या यजमानांचा, आणि त्यावर बँकेचा ओटीपी येत नव्हता, असं तुम्ही लिहिलं आहे. चेक-इन काउंटरसमोर सहा मोबाइल हातात, पाच मुके, सहाव्याची बॅटरी संपत आलेली आणि रांगेत मागून कोणीतरी ‘वाय-फायचा पासवर्ड काय?’ म्हणून ओरडतंय. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता निघायच्या आधी प्रत्येक कुटुंबाकडून पोस्टपेड नंबर लिहून घेतो आणि तोच तिकिटावर टाकतो. ही सूचना तुमच्या कंपनीने दिली नसेल, तर तेही तक्रारीत लिहा. काश्मीरची सहल विकणाऱ्याला हे माहीत नाही असं होऊच शकत नाही.

आता एअरलाइन. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, २०१० पासूनचा नियम आहे. विमान रद्द झालं तर प्रवाशाला दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं एक मिळतं, आणि निवड प्रवाशाची. वेळेत कळवलं नसेल तर वर नुकसानभरपाईही असते. श्रीनगर–दिल्ली उड्डाण एक ते दोन तासांच्या गटात येतं, त्याला माणशी ७,५०० रुपये किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं कमी असेल ते. पण कारण हवामानासारखं आवाक्याबाहेरचं असेल तर ही भरपाई लागू होत नाही, आणि हॉटेल देण्यालाही एअरलाइन नकार देऊ शकते. तुम्हाला हॉटेल नाकारलं ते या आधारावर.

यात एक फट आहे, ती तपासा. सकाळी बर्फ होता हे खरं. विमान रद्द झालं ते दुपारी. मधल्या वेळात त्याच धावपट्टीवरून इतर कंपन्यांची विमानं सुटली का? विमानतळावरची हवामानाची नोंद ठरावीक वेळाने होत राहते, आणि उड्डाणांचा माग ठेवणाऱ्या साइटवर त्या दिवशी काय आलं-गेलं ते कळतं. इतर विमानं गेली आणि तुमचं राहिलं, तर कारण कदाचित उशिरा आलेलं विमान किंवा संपलेली क्रूची ड्युटी हे असेल. मग ते निव्वळ हवामान राहत नाही आणि वाद घालायला जागा मिळते. एअरलाइनकडून विलंबाचं आणि रद्द झाल्याचं प्रमाणपत्र कारणासह मागवा. ते ईमेलवर मिळतं. तोंडी ‘वेदर’ म्हणणारा माणूस कागदावर कधीकधी वेगळंच लिहितो. उत्तर आलं नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. दुसऱ्या कुठल्याच विमानाने उड्डाण केलं नसेल, तर मात्र हा मुद्दा सोडून द्या. त्यात वेळ घालवू नका.

दिल्ली–बडोदा तिकिटाचं दुखणं निराळं आहे. ते दुसऱ्या एअरलाइनचं, वेगळ्या पीएनआरवरचं, म्हणजे वेगळ्या बुकिंग क्रमांकावरचं होतं. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर असती, तर पहिलं रद्द झाल्यावर पुढचं मार्गी लावणं एअरलाइनच्या गळ्यात पडलं असतं. वेगळी असल्यामुळे दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. टूर कंपन्या असं का करतात? स्वस्त पडतं म्हणून, आणि दुसरं काही नाही. ही निवड कंपनीची होती, तिचा धोका तुम्हाला सांगितला नव्हता, म्हणून त्या सहा तिकिटांचे पैसे मी कंपनीच्या खात्यावर लिहीन. ११ च्या दुपारी, ते विमान सुटायच्या आधी, कंपनीने ती तिकिटं बदलून घेतली असती किंवा रद्द केली असती तरी काही पैसे वाचले असते. हाही एक फोनच होता.

तरी त्यातलं थोडं तुम्हाला नियमानेच परत मिळायला हवं. प्रवासी आला नाही तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं एअरलाइनने परत करायची असतात. रक्कम फार नसते, पण सहा जणांची मिळून दुर्लक्ष करण्याइतकी लहानही नसते. ती जाईल कंपनीच्या खात्यात, कारण पैसे तिथून भरले होते. तिथे ती पडून राहते, कारण मागायला कोणी येत नाही. परताव्याची जबाबदारी नियमानुसार एअरलाइनवरच असते, तिकीट एजंटकडून घेतलं असलं तरीही. म्हणून पत्र दोघांनाही पाठवा. आणि परताव्याऐवजी ‘क्रेडिट’ ठेवतो म्हणाले तर नाही म्हणा. ते घ्यायचं की नाही हे प्रवाशाने ठरवायचं असतं.

रेल्वेचं लवकर आटपतो, कारण तिथे तुमच्या हाती फारसं काही नाही. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवासच केला नाही, तर गाडी सुटायच्या आधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरून पूर्ण पैसे मिळतात. तुम्ही प्रवास केलात, तो मार्ग बंद झाला. जानेवारीत दिल्लीकडच्या गाड्यांना धुकं हे ठरलेलं आहे. एक निकाल माहीत असावा: अजमेर–जम्मू गाडी चार तास उशिरा पोचल्याने एका कुटुंबाचं जम्मूहून श्रीनगरचं विमान चुकलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रेल्वेला टॅक्सी आणि बुकिंगचा खर्च द्यायला लावला. कारण उशीर का झाला आणि तो आपल्या हाताबाहेर का होता, हे रेल्वेने सिद्धच केलं नव्हतं. तुमच्या गाडीला ते जसंच्या तसं लागू पडणार नाही, धुकं सिद्ध करणं सोपं आहे. पण कारण सिद्ध करायचं ओझं सेवा देणाऱ्यावर असतं, हे तत्त्व कंपनीला लिहिताना कामाला येईल.

तत्काळ तिकिटासाठी एजंटला जादा पैसे दिलेत, त्यावर जरा बोलतो. जुलै २०२५ पासून तत्काळ उघडल्यावर पहिला अर्धा तास एजंटांना बुकिंग करता येत नाही. एसीसाठी सकाळी १० ते १०:३०, नॉन-एसीसाठी ११ ते ११:३०. त्या वेळात आधार जोडलेल्या स्वतःच्या आयआरसीटीसी खात्यावरून तुम्हालाच तिकीट काढावं लागतं. तुमच्या एजंटने साडेदहानंतर उरलेल्या जागा काढल्या, म्हणून सहा जण तीन डब्यांत विखुरले. बडोद्यात बसलेल्या कोणा भाच्याच्या खात्यावरून दहाच्या ठोक्याला काढलं असतं, तर कदाचित एकत्र मिळालं असतं. आणि दिल्लीहून बडोद्याचं विमान मिळत नसेल तेव्हा अहमदाबादचं बघावं. उड्डाणं जास्त असतात आणि तिथून एक्स्प्रेसवेने दोन तासांत घर. दिल्लीत अडकलेल्या बडोदेकराला हे सुचत नाही, कारण डोक्यात ‘बडोदा’ हेच नाव घोळत असतं.

बॅगेबद्दल घाई करा. खराब झालेल्या बॅगेची लेखी तक्रार ती हातात पडल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा आलेल्या बॅगेची २१ दिवसांत जायला हवी. तुमचे ७ दिवस परवा संपतायत, म्हणून आज रात्रीच ईमेल करा: तुटलेल्या चाकाचा फोटो, बॅगेवरचा टॅग आणि विमानतळाच्या काउंटरवर मिळालेला तक्रारीचा कागद जोडा. त्या कागदाला पीआयआर म्हणतात. तुम्ही तो मागून घेतलात हे फार बरं केलंत, कारण नंतर तो मिळवताना दमछाक होते. देशांतर्गत प्रवासात बॅगेची भरपाई माणशी २०,००० रुपयांपर्यंत असते, पण चाकासाठी कोणी वीस हजार देणार नाही. दुरुस्तीचं किंवा बॅगेच्या किमतीचं बिल आणि त्या आठवड्यात सासूबाईंसाठी घ्यावे लागलेले कपडे, औषधं, एवढं मागा. औषधं कधीही चेक-इन बॅगेत टाकू नयेत, हे मी प्रत्येक ग्रुपला सांगतो आणि प्रत्येक ग्रुपमधले एक काका इन्सुलिन तिथेच ठेवतात.

तर हिशेब असा मांडा. हॉटेलच्या दोन रात्रींपैकी काउंटरचा दर आणि कंपनीचा दर यातला फरक कंपनीकडे. तिचा दर तिच्याकडूनच लेखी मागवा. दिल्ली–बडोदा तिकिटं कंपनीकडे, त्यातले कर आणि शुल्क एअरलाइनकडे. दिल्लीतली रात्र आणि रेल्वेचं भाडं कंपनीकडे, कारण तिने विकलेला शेवटचा टप्पा तिने पुरा केला नाही. बॅग एअरलाइनकडे. श्रीनगरचं दोन दिवसांचं जेवण, चहा, रिक्षा आणि मुलांना घेऊन दिलेले हातमोजे हे तुमचेच. सेहेचाळीस हजारांतले साधारण तीस-बत्तीस हजार असे वाटून निघतील, आणि त्यासाठी झगडण्यात अर्थ आहे.

वकिलाची नोटीस लगेच नको. आधी स्वतःच्या नावाने पत्र लिहा, ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने, दोन्हीकडे. रागाचं एकही वाक्य नको. तारीख, वेळ, कोणाला फोन केला, त्याने काय सांगितलं, किती खर्च, बिल कोणतं. व्हॉट्सअॅपवर तुम्ही ‘तुमचं दुकान बंद करू’ असं लिहिलं आहे. ते पुसू नका, पण पुन्हा तसं लिहूही नका. समोरचा वकील तेच पहिलं वाचून दाखवतो. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. बऱ्याच कंपन्या तिथून फोन आला की ताळ्यावर येतात.

तेही निष्फळ ठरलं, तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीच्या अटींत ‘न्यायक्षेत्र मुंबई’ असं छापलेलं पाहून घाबरलात, पण २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे बडोद्यात. पॅकेजची किंमत पाच लाखांच्या आत असल्यामुळे फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज भरता येतो आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. मानसिक त्रासासाठी पाच लाख मागा असा सल्ला कोणीतरी नक्की देईल. मागू नका. अवाच्या सवा आकडा बघून आयोगापुढे तुमच्या खऱ्या खर्चाचंही वजन कमी होतं.

बहुतेक प्रकरणं तिथपर्यंत जातच नाहीत. तुमचं नीट पत्र पोचल्यावर कंपनीचा मालक स्वतः फोन करेल, ‘वहिनी, पुढच्या टूरवर दहा हजारांची सूट देतो, विषय संपवा’ म्हणेल. सूट घेऊ नका. ती वसूल करायला तुम्हाला पुन्हा त्यांच्याकडेच पैसे भरावे लागतील. रोख किंवा खात्यात रक्कम देत असतील तर बसून बोला, वीस-पंचवीस हजारांवर मिटत असेल तर मी मिटवेन. फक्त सही करायच्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असं लिहिलेलं असेल, तर ती फक्त कंपनीपुरती आहे आणि एअरलाइनवरचा तुमचा बॅगेचा व करांच्या परताव्याचा दावा वेगळा राहतो, अशी एक ओळ त्याच कागदावर हाताने लिहून मालकाची सही घ्या.